अंगावरचे दूध आणि पुढचा पाळणा

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर शिक्रापूर लागते. तेथून आत वळले की थोड्याच अंतरावर, वेळ नदीच्या काठी, तळेगाव ढमढेरे हे शिरूर तालुक्यातील जुने गाव आहे. मावळातील तळेगाव दाभाड्यांचे आणि हे तळेगाव ढमढेऱ्यांचे. परिसरात ऊस आणि कांदा पिकतो. तालुक्याच्या काही भागाला चासकमान धरणाच्या कालव्याचे पाणी मिळते. हमरस्त्यालगत सणसवाडी आणि रांजणगाव येथे कारखाने उभे राहिले आहेत. त्यामुळे या भागातील स्त्री पहाटे उठून खुरपणीला जाते, तशीच कंपनीच्या गाडीत बसून पाळीच्या कामालाही जाते. घरी पाळण्यातले लेकरू सासूच्या किंवा जावेच्या स्वाधीन असते.

अशा गावात लसीकरणाच्या दिवशी आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात जो संवाद कानावर पडू शकतो, तो महाराष्ट्रातील कोणत्याही आरोग्यसेविकेच्या परिचयाचा आहे. सात-आठ महिन्यांचे बाळ मांडीवर घेऊन बसलेली माता संकोचाने विचारते, “ताई, बाळ अजून अंगावर पितंय. बाळंतपणापासून पाळी एकदाही आली नाही. मग दिवस कसे राहतील?” शेजारी बसलेली सासू तिला दुजोरा देते, “आमच्या वेळी पोर अंगावर पीत होतं तवर कसली काळजी नव्हती, बाई.” आणि चाचणीचा निकाल मात्र दिवस राहिल्याचेच सांगत असतो.

या संवादातील सून खोटे बोलत नाही आणि सासूचा अनुभवही खोटा नाही. तरीही दोघींच्या समजुतीत एक महत्त्वाचा दुवा सुटलेला आहे. तो दुवा कोणता, अंगावरच्या दुधाचे संरक्षण किती काळ व कोणत्या अटींवर मिळते आणि ते संपण्यापूर्वी काय करावे, याची माहिती प्रत्येक घरात असणे अगत्याचे आहे.

सासूबाईंच्या अनुभवातील सत्य

अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला लवकर दिवस जात नाहीत, ही समजूत निराधार नाही. निसर्गाने मातेला दिलेली ती खरीखुरी सवलत आहे. आफ्रिकेतील कालाहारी वाळवंटात भटके जीवन जगणाऱ्या कुंग लोकांचा अभ्यास शास्त्रज्ञांनी केला, तेव्हा तेथील माता दिवसभर बाळाला अंगाशी बाळगतात आणि तासाभरात अनेकदा थोडा थोडा वेळ पाजतात, असे आढळून आले. संततिनियमनाचे कोणतेही साधन नसताना त्यांच्या दोन मुलांमध्ये सरासरी सुमारे ४४ महिन्यांचे अंतर पडत होते. हा अभ्यास १९८० मध्ये प्रसिद्ध झाला.

आपल्याकडील मागल्या पिढीतील अनेक माताही बाळाला झोळीत घालून शेताच्या बांधावर नेत. बाळ रडले की पदराखाली घेत आणि रात्री कुशीत घेऊन झोपत. बाळाला केव्हाही हवे तेव्हा दूध मिळत असे. अशा स्त्रियांची पाळी वर्ष-दीड वर्ष लांबली, तर त्यात नवल नव्हते. अर्थात त्या पिढीतही पाठोपाठच्या बाळंतपणांनी खंगलेल्या स्त्रिया पुष्कळ होत्या. सवलत होती, पण ती सर्वांना सारखी नव्हती आणि ती केव्हा संपेल हे कोणालाच सांगता येत नव्हते.

शरीरात काय घडते?

बाळ स्तन चोखू लागले की स्तनाग्रातील मज्जातंतू मेंदूकडे संदेश पाठवितात. त्या संदेशाने मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक स्रवते आणि दूध तयार होते. ऑक्सिटोसिन हे दुसरे संप्रेरक तयार झालेल्या दुधाला वाट करून देते. त्याच वेळी मेंदूतील जे केंद्र बीजकोशाला दर महिन्याला बीज पिकविण्याचा आदेश देत असते, त्याच्या कामात अडथळा येतो. आदेश नियमित जात नाही, बीज पक्व होत नाही, म्हणून पाळीही येत नाही.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास हवी. संरक्षण मिळते ते स्तनात दूध आहे म्हणून नव्हे, तर बाळ वारंवार चोखते म्हणून. चोखण्याचे संदेश रात्रंदिवस, ठरावीक अंतराने मेंदूकडे पोहोचत राहिले पाहिजेत. त्यात खंड पडू लागला की मेंदूतील ते केंद्र पुन्हा जागे होते. दूध तर पुष्कळ येत असते, बाळ दिवसातून चार-पाच वेळा पीतही असते आणि तरीही बीज पिकू लागलेले असते. बाहेरून कोणताही फरक जाणवत नाही.

आधी बीज, मागून पाळी

आता सुटलेला दुवा पाहू. बहुसंख्य स्त्रियांची समजूत अशी असते की बाळंतपणानंतर आधी पाळी सुरू होईल, त्यावरून शरीर पूर्ववत झाल्याचे कळेल आणि मग काळजी घेता येईल. निसर्गाचा क्रम याच्या उलट आहे. बीज आधी बाहेर पडते आणि त्याचे फलन झाले नाही, तर साधारणपणे दोन आठवड्यांनी पाळी येते. म्हणजे पाळी ही बीज येऊन गेल्याची पावती आहे, ते येणार असल्याची आगाऊ सूचना नव्हे.

त्या पहिल्याच बीजाचे फलन झाले तर पाळी येतच नाही. स्त्रीच्या दृष्टीने काहीच बदललेले नसते. बाळंतपणापासून पाळी नव्हती, आजही नाही. मात्र मधल्या काळात न येण्याचे कारण बदललेले असते. पूर्वी ती दुधामुळे येत नव्हती, आता गर्भामुळे येत नाही. “पाळी आलीच नाही, मग दिवस कसे राहतील?” या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे.

बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत येणारी पहिली पाळी पुष्कळदा बीजाशिवायच येते. परंतु जसजसे महिने लोटतात तसतशी, पहिल्या पाळीपूर्वीच बीज बाहेर पडण्याची शक्यता वाढत जाते. म्हणून बाळ आठ, दहा, बारा महिन्यांचे झाले असताना “अजून पाळी नाही” या आधारावर निश्चिंत राहणे अधिक जोखमीचे असते. पाळीची वाट पाहत बसणे म्हणजे चुकीच्या खुणेची वाट पाहत बसणे होय.

तीन अटी

ऑगस्ट १९८८ मध्ये इटलीतील बेलाजिओ येथे जगातील तज्ज्ञ एकत्र आले आणि निरनिराळ्या देशांतील अभ्यासांवरून त्यांनी एक निष्कर्ष काढला. तीन अटी एकाच वेळी पूर्ण होत असतील, तर केवळ स्तनपानाने गर्भधारणेपासून ९८ टक्क्यांहून अधिक संरक्षण मिळते. या पद्धतीला तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून आरोग्य कर्मचारी ‘लॅम’ म्हणतात. त्या तीन अटी अशा :

पहिली अट : बाळ सहा महिन्यांच्या आतील असावे.

दुसरी अट : बाळंतपणानंतर पाळी आलेली नसावी. बाळंतपणानंतर सुरुवातीच्या आठवड्यांत जे रक्त जाते ते पाळीत मोजावयाचे नाही. ५६ दिवसांनंतर पाळीप्रमाणे रक्तस्राव झाला, तर मात्र पाळी आली असे समजावे.

तिसरी अट : बाळ केवळ, किंवा जवळजवळ केवळ, अंगावरच्या दुधावर असावे. दोन पाजण्यांमध्ये दिवसा चार तासांहून आणि रात्री सहा तासांहून अधिक खंड नसावा.

यातील एक अट जरी मोडली तरी संरक्षणाचा भरवसा त्याच दिवशी संपतो. तिन्ही अटी काटेकोर पाळल्या तरी सहा महिन्यांत शंभरात एक-दोन स्त्रियांना दिवस राहू शकतात, हेही सांगितले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे सात देशांत केलेल्या पाहणीत, ज्यात नवी दिल्लीचाही समावेश होता, पहिल्या सहा महिन्यांचा हा निष्कर्ष खरा ठरला. त्याच पाहणीत असेही दिसले की सहा महिन्यांनंतरही स्तनपान चालू असलेल्या आणि पाळी न आलेल्या स्त्रियांमध्ये वर्षअखेरपर्यंत दिवस राहण्याचे प्रमाण वाढून शंभरात सुमारे ७ पर्यंत गेले.

ज्या मातेच्या अंगावर बाळ मुळीच पीत नाही, तिला ही सवलत आरंभापासूनच नसते. बाळंतपणानंतर चार आठवड्यांच्या सुमारासही तिचे बीज बाहेर पडू शकते. सव्वा महिन्याची बाळंतीण म्हणून ती सुरक्षित आहे, असे मानून चालणार नाही.

अट मोडते कोठे?

कागदावर या अटी सोप्या वाटतात. रोजच्या जीवनात मात्र त्या नकळत मोडतात, आणि मोडल्या हे घरात कोणाच्या लक्षातही येत नाही.

शिरूरकडचा उन्हाळा कडक असतो. बाळाला तहान लागली असेल या मायेने घरातील वडीलधारी माणसे त्याला चमचा-चमचा पाणी पाजतात. वस्तुतः आईच्या दुधात ८० टक्क्यांहून अधिक पाणीच असते आणि सहा महिन्यांपर्यंत बाळाला वेगळ्या पाण्याची गरज नसते. पाणी, बाळगुटी, पोट दुखू नये म्हणून दिलेली औषधी पाणके, गाईचे पातळ केलेले दूध यांतील प्रत्येक घोटाने बाळाचे पोट तेवढे भरते आणि त्याचे चोखणे तेवढे कमी होते. अशुद्ध पाण्याने जुलाब होण्याचा धोका असतो तो निराळाच. बाळाला चाटविला जाणारा मध तर वर्षाच्या आत देऊच नये, कारण त्यातून क्वचित प्रसंगी घातक विषबाधा होऊ शकते.

दुसरे कारण कामाचे. खुरपणीला किंवा कांदा काढणीला गेलेली बाई पाच-सहा तास बाळापासून दूर असते, आणि कारखान्यात गेलेली बाई जाण्यायेण्याच्या वेळासह दहा-दहा तास दूर असते. २०१७ मध्ये झालेल्या कायद्यातील सुधारणेने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली. पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत पाळणाघर असावे, असेही बंधन आले. परंतु रोजंदारीवर शेतात राबणाऱ्या स्त्रीला अशी रजा कोण देणार? ती सव्वा-दीड महिन्यातच कामावर उभी राहते आणि त्याच दिवशी तिसरी अट मोडते. दूध काढून ठेवून वाटी-चमच्याने पाजणे बाळासाठी उत्तमच आहे, परंतु त्यात प्रत्यक्ष चोखणे नसल्यामुळे मातेला मिळणारे संरक्षण तेवढे खात्रीचे राहत नाही.

तिसरे कारण आपल्या रीतीरिवाजात आहे. पहिले बाळंतपण माहेरी होते. माहेरी असताना पतीचा सहवास नसल्याने दिवस राहण्याचा प्रश्नच येत नाही. तीन-चार महिन्यांनी सून बाळाला घेऊन सासरी परतते. नेमक्या याच सुमारास वरचे दूध किंवा पेज सुरू झालेली असते, बाळ रात्री अधिक झोपू लागलेले असते आणि कामाचा रगाडाही पुन्हा सुरू झालेला असतो. संरक्षण ओसरू लागावयास आणि सहवास सुरू व्हावयास एकच गाठ पडते.

चौथा टप्पा म्हणजे बाळाचे उष्टावण. सहा महिने पूर्ण झाल्यावर बाळाला वरचा मऊ आहार सुरू करणे त्याच्या वाढीसाठी आवश्यकच आहे. मात्र त्या दिवशी पहिली आणि तिसरी अशा दोन्ही अटी एकदमच संपतात. म्हणून प्रत्येक घराने एक साधा नियम लक्षात ठेवावा : उष्टावणापूर्वी पाळणा लांबविण्याचे साधन सुरू झालेले असावे. त्याआधी पाळी आली, वरचे अन्न सुरू झाले किंवा आई कामावर गेली, तर उष्टावणाचीही वाट पाहू नये.

अंतर कशासाठी?

महाराष्ट्रात आज कुटुंबे लहान झाली आहेत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातील एकूण जननदर दर स्त्रीमागे १.७ इतका आहे. तेव्हा पुष्कळ घरांपुढील प्रश्न मुले किती हा राहिलेला नाही, दुसरे मूल केव्हा हा आहे.

एका बाळंतपणानंतर पुढील गर्भधारणा होईपर्यंत निदान २४ महिने जावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. म्हणजे दोन मुलांमध्ये जवळजवळ तीन वर्षांचे अंतर पडते. गर्भारपण, बाळंतपण आणि स्तनपान यांत मातेच्या शरीरातील लोह, कॅल्शियम आणि इतर पोषकद्रव्ये खर्ची पडतात. ती भरून निघण्यापूर्वीच पुन्हा दिवस राहिले तर पंडुरोग बळावतो, बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे होण्याची भीती वाढते. मागील बाळंतपण शस्त्रक्रियेने झाले असेल, तर गर्भाशयावरील व्रण भक्कम होण्यास वेळ द्यावा लागतो. घाई झाल्यास पुढील प्रसूतीच्या वेळी तो फाटण्याचा धोका वाढतो. मांडीवरच्या मुलाचे दूध आटते ते निराळेच. एका चुकीच्या समजुतीची किंमत अशी तीन जीवांना मोजावी लागते.

साधने कोणती?

पाळणा लांबविण्यासाठी मातेने अंगावरचे पाजणे सोडण्याचे मुळीच कारण नाही. बाळाला सहा महिने निव्वळ आईचे दूध द्यावे आणि पुढे वरच्या आहाराबरोबर दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ पाजत राहावे, हीच शिफारस कायम आहे. स्तनपानाला बाधा न आणणारी साधने शासकीय आरोग्य संस्थांमध्ये विनामूल्य मिळतात.

तांबी, म्हणजे कॉपर-टी, बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत, रुग्णालयातून घरी जाण्यापूर्वीच बसविता येते. तेव्हा राहून गेल्यास सहा आठवड्यांनंतर बसविता येते. तिचा दुधावर परिणाम होत नाही आणि मूल हवे असेल तेव्हा ती काढून घेता येते.

‘अंतरा’ हे इंजेक्शन २०१७ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात आले. ते दर तीन महिन्यांनी घ्यावयाचे असते आणि अंगावर पाजणाऱ्या मातेला सहा आठवड्यांनंतर देता येते. ते घेत असताना पाळी अनियमित होऊ शकते किंवा थांबू शकते, आणि इंजेक्शन बंद केल्यावर पुन्हा दिवस राहण्यास काही महिने लागू शकतात. हे आधीच समजून घेतले म्हणजे घाबरून जाण्याचा प्रसंग येत नाही.

‘छाया’ ही गोळी आपल्या देशातील, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेच्या संशोधनाचे फलित आहे. तिच्यात संप्रेरके नाहीत, त्यामुळे अंगावर पाजणाऱ्या मातेलाही ती चालते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा ठरलेल्या वारी आणि त्यानंतर आठवड्यातून एकदा ती घ्यावयाची असते.

‘माला-एन’ सारखी रोजची गोळी मात्र, बाळ अंगावर पीत असेल तर पहिल्या सहा महिन्यांत घेऊ नये. तिच्यातील इस्ट्रोजेनमुळे दूध कमी होण्याचा संभव असतो. शेजारणीने किंवा नणंदेने सुचविली म्हणून परस्पर गोळी सुरू करणे बरे नव्हे, ते याच कारणासाठी.

निरोध केव्हाही वापरता येतो आणि त्यात पतीची जबाबदारी प्रत्यक्ष दिसते. कुटुंब पूर्ण झाले असेल, तर स्त्रीची शस्त्रक्रिया बाळंतपणानंतर सात दिवसांत किंवा सहा आठवड्यांनंतर करतात. पुरुषाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया त्याहूनही सोपी आणि कमी जोखमीची आहे. तिचा परिणाम पूर्णपणे लागू होण्यास तीन महिने लागतात, तोवर दुसरे साधन वापरावे. कोणत्या मातेला कोणते साधन योग्य, हे तिची प्रकृती पाहून डॉक्टरांनी आणि तिची इच्छा विचारात घेऊन तिनेच ठरवावयाचे असते.

दिवस राहिलेच तर

पाळी मुळात सुरूच न झालेल्या मातेला दिवस राहिल्याचे उशिरा कळते. मळमळ झाली की पित्त म्हणून ती दुर्लक्ष करते. थकवा तर रोजचाच असतो. बाळ अचानक स्तन नाकारू लागणे, दूध कमी होणे, स्तन दुखरे होणे, ओटीपोट जड वाटणे, यांपैकी काही जाणवल्यास विलंब न लावता चाचणी करावी. ‘निश्चय’ ही लघवीच्या तपासणीची पट्टी आशा स्वयंसेविकेकडे मिळते. शेवटच्या पाळीची तारीखच नसल्यामुळे दिवस मोजता येत नाहीत. अशा वेळी गर्भ किती आठवड्यांचा आहे हे सोनोग्राफीने ठरवावे लागते, आणि ती जितकी लवकर होईल तितका अंदाज अचूक येतो.

गर्भ वाढविण्याचा निर्णय असेल, तर लगेच नाव नोंदवावे. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात शासकीय आरोग्य संस्थांत गरोदर मातांची डॉक्टरांकडून तपासणी होते. लोहाच्या गोळ्या गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस घ्यावयाच्या असतात.

या टप्प्यावर घराघरांतून एक चूक हमखास होते. “आईला दिवस राहिले, आता तिचे दूध खराब झाले” असे म्हणून मांडीवरचे मूल एका दिवसात तोडले जाते. दूध खराब होत नाही. त्याचे प्रमाण हळूहळू कमी होते आणि गर्भारपणाच्या मध्यावर चव थोडी बदलते, इतकेच. प्रकृती ठीक असलेली माता गरोदरपणातही पाजू शकते. मात्र पूर्वी अपुऱ्या दिवसांची प्रसूती झाली असेल, रक्तस्राव होत असेल किंवा जुळे असेल, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मांडीवरचे मूल वर्षाच्या आतील असेल तर त्याच्या वाढीकडे दुप्पट लक्ष द्यावे, त्याचे वजन अंगणवाडीत नियमित करून घ्यावे आणि मातेने दोन घास अधिक खावेत.

हे गर्भारपण नको असेल, तर गावठी उपाय, काढे किंवा परस्पर आणलेल्या गोळ्या यांच्या वाटेला जाऊ नये. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यानुसार आणि त्यात २०२१ मध्ये झालेल्या सुधारणेनुसार, मान्यताप्राप्त केंद्रात, नोंदणीकृत डॉक्टरांकडून २० आठवड्यांपर्यंत सुरक्षित गर्भपात करून घेता येतो. त्यासाठी सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते. तिचे नाव गुप्त ठेवणे बंधनकारक आहे.

निरोप पोहोचविणारी माणसे

संततिनियमनाचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, तेव्हा समाजाने त्यांची हेटाळणी केली. भारताने १९५२ मध्ये राष्ट्रीय पातळीवर कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. परंतु विचार शहरात जन्मला, तरी तो खेड्यातील बाळंतिणीच्या खाटेपर्यंत पोहोचविण्यास तिच्याच गावची माणसे लागतात.

याचे उदाहरण शोधण्यासाठी तळेगावकरांना दूर जावे लागत नाही. याच शिरूर तालुक्यात भीमेच्या खोऱ्यात वढू बुद्रुक आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० च्या दशकात तेथे ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. शहरातील रुग्णालय खेड्यात नेऊन ठेवण्यापेक्षा, खेड्यातीलच स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण देऊन त्यांच्याकरवी घराघरांत पोहोचावे, हे त्यांच्या कार्याचे सूत्र होते. १९८९ मध्ये त्यांना पद्मभूषण आणि १९९३ मध्ये लोकसेवेबद्दल रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००४ मध्ये त्यांचे निधन झाले. वढूच्या परिसरातील २२ गावांत २००२ पासून जन्म, मृत्यू, गरोदरपण आणि स्थलांतर यांची घरोघर नोंद ठेवण्याचे काम सुरू झाले.

गावच्याच स्त्रीकडून आरोग्याचा निरोप पोहोचविण्याचे हे सूत्र आज आशा स्वयंसेविकेच्या रूपाने राज्यभर दिसते. रुग्णालयात बाळंत झालेल्या मातेच्या घरी ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जाते. पुढे ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यांतही बाळाची विचारपूस करण्यासाठी तिच्या भेटी ठरवून दिलेल्या आहेत. बाळाचे वजन आणि ताप पाहत असतानाच “पाळी आली का? वरचे काही सुरू केले का? कामावर जाता का?” हे तीन प्रश्न ४२ व्या दिवशी आणि तिसऱ्या महिन्यात विचारले गेले, तर पुष्कळ माता वेळीच सावध होतील. संकोचामुळे मातेला स्वतःहून विचारणे जमत नाही. विचारणारे कोणी भेटले की ती मोकळेपणाने बोलते.

हा निरोप सुनेइतकाच सासूला आणि पतीलाही मिळाला पाहिजे. उष्टावणाची तारीख घरातील वडीलधारी माणसे ठरवितात. बाळाला पाणी पाजावे की नाही, सुनेने कामावर केव्हा जावे, दवाखान्यात कोणाबरोबर जावे, हेही तीच ठरवितात. निर्णय त्यांचा आणि परिणाम मात्र एकट्या सुनेच्या अंगावर, असे होऊ नये.

आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यातील त्या सासूबाईंना आरोग्यसेविकेने एवढेच सांगावे : “मावशी, तुमचं म्हणणं खरं आहे. पण तुमचं बाळ दिवसरात्र तुमच्या अंगाशी होतं. सूनबाई आता सकाळी जाते ती संध्याकाळी येते. दूध तेच आहे, पण बाळाचं पिणं तितकं राहिलेलं नाही.” आणि सुनेला सांगावे : “ताई, पाळीची वाट बघू नका. पाळीच्या आधीच बीज येऊन जातं. पुढच्या वेळी बाळाचं उष्टावण ठरवाल, त्याच्या आधी एकदा माझ्याकडे या.”

अंगावरचे दूध बाळाला अमृतासारखे आहे आणि मातेलाही ते काही महिने संरक्षण देते. त्या संरक्षणाची मुदत ओळखून पुढची सोय वेळीच केली, तर मांडीवरच्या बाळाला त्याच्या हक्काचे दूध पुरेपूर मिळेल आणि पुढचा पाळणा आई-वडिलांच्या इच्छेनेच हलेल.